घराच्या बाहेरच्या भिंतीचं क्लॅडिंग (कोल्हापूर परिसर)

क्लॅडिंग म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीवर चढवलेलं आवरण, मग ते दगडाचं असो, टाईल्सचं, बोर्डाचं नाहीतर साध्या पत्र्याचं. अमेरिकेत याला साइडिंग म्हणतात आणि तिथं ते लागतंच, कारण घराचा सांगाडाच लाकडाचा, वर काही नसेल तर पाऊस थेट लाकडात. आपल्याकडं विटेची भिंत आपली आपण उभी असते, त्यामुळं क्लॅडिंग म्हटलं की लोकांना फक्त इलेव्हेशन (घराचं दर्शनी रूप) आठवतं आणि कोल्हापुरात गणित चुकतं ते इथंच.

इथला पाऊस येतो मावळतीकडून. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचं वारं आणि त्याच्याबरोबर झड, म्हणजे भिंतीवर आडवं पाणी. पण दगड-टाईल्स लागतात रस्त्याकडच्या भिंतीला, ती कुठल्या का दिशेला असेना, आणि मावळतीची भिंत मागं पडली तर तिला जेमतेम एक हात (थर) गिलावा आणि वरनं रंग. मग ऑगस्टात बेडरूममधल्या कपाटामागं पोपडे, ठेवणीतल्या साड्यांना बुरशीचा वास आणि स्विचबोर्डला हात लावायची भीती. (आमच्या घरी हे तिन्ही झालंय, पुढं मात्र झकास काळा दगड.)

जिल्ह्यातच बघा, गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि शिरोळला त्याचा साधारण दहावा हिस्सा, त्यामुळं सगळ्यांना एकच मटेरियल सांगण्यात अर्थ नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं लोक मावळतीच्या भिंतीला उभा पत्रा मारतात, तेही भिंतीला चिकटवून नाही तर आधी लाकडाच्या पट्ट्या ठोकून त्यावर. दिसायला काही खास नाही, पण खरं साइडिंग हेच. पत्र्याआड पाणी शिरलंच तर मधल्या फटीतनं खाली गळून जातं आणि राहिलेली ओल वाऱ्यानं वाळते. एचपीएल शीट (कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेली) आणि फायबर सिमेंट बोर्ड फ्रेमवर बसवतात त्यामागंही हीच युक्ती, फक्त बिल मोठं. फिटरनं सफाईदार दिसावं म्हणून खालची फट सिलिकॉननं बंद केली की पाणी आतच अडकतं, तेव्हा खालची फट उघडी आहे का हे वाकून बघायचंच.

काळ्या दगडाचा इथं भारी नाद. लोक नव्या राजवाड्याकडं बोट दाखवतात आणि गवंड्याला म्हणतात तसं पाहिजे. राजवाडा १८८४ ला पूर्ण झाला, डिझाइन मेजर चार्ल्स मँट यांचं, पण तिथं दगड हीच भिंत आहे, आपल्याकडं असतो तो २० मिलिमीटरचा काप. तेवढाच काप चौरस फुटाला साधारण साडेपाच किलो भरतो, म्हणजे १०० चौरस फुटाला साडेपाच क्विंटल, आणि हे सगळं लोंबकळणार मागच्या मसाल्यावर. बऱ्याचदा गवंडी दगडाच्या मधोमध सिमेंटचे चार गोळे लावतो आणि दाबून बसवतो, कडा पोकळ राहतात, दरजातनं (दोन दगडांमधल्या सांध्यातनं) पाणी आत जातं, पोकळीत साठतं आणि मग दगडावर पांढरे ओघळ. पूर्ण पाठीला अॅडेसिव्ह, उंचावर स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प आणि दरजा नीट भरलेल्या असतील तरच दगडाच्या नादाला लागावं.

जांभा दिसायला छान. खाणीतनं काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो, पण सच्छिद्र असल्यानं पाणी पितो आणि दोन पावसाळ्यांत शेवाळानं काळा पडतो. त्यावर चकचकीत वॉर्निश मारू नये, आतली ओल बाहेर येताना त्याचे पापुद्रे सुटतात. एसीपी शीट दुकानाला ठीक. साध्या एसीपीत दोन अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असतं आणि ते पेटतं, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये ७२ माणसं गेली त्यात आग भिंतीभर पसरली ती अशाच शीटमुळं. घराला कशाला?

पंचगंगेकाठच्या घरांचा हिशोब आणखी वेगळा. पंचगंगेची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला नि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या उंचीपर्यंत बोर्ड-शीट लावूच नये, मागं गाळ बसतो आणि तो काढायला सगळं उचकटावं लागतं. तिथं आपला दोन हातांचा गिलावाच बरा, धुता येतो.

खरं तर बहुतेकांना गिलावाच पुरतो. तो दोन हातांत २० मिलिमीटर, किमान सात दिवस पाणी मारलेलं, रंग महिनाभरानं, आणि खिडकीवरच्या छज्ज्याला खालनं खाच, नाहीतर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून परत भिंतीवर येतं.

पेठांत मात्र घराला घर चिकटलेलं. मावळतीची भिंत शेजाऱ्याच्या गच्चीवर उघडी पडते, परांची बांधायची तर त्याच्याच गच्चीत, म्हणजे आधी चहा पाजून परवानगी. आणि पत्रा मारलात तर खाली पन्हळ लावून पाणी आपल्या बाजूला वळवायचं, नाहीतर पहिल्याच झडीत पागोळी त्याच्या गच्चीत पडते आणि तो वर बघून हाका मारायला लागतो.