"विश्वास कमी म्हणून बरा झाला नाहीस", हे बायबलमध्ये नाहीये

किती वर्षं ऐकतेय, की सुरुवातीच्या मंडळीत, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांत, प्रार्थना केली की प्रत्येक जण बरा व्हायचा आणि औषध घेणं म्हणजे विश्वास कमी. खरं नाहीये हे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून असं बोलणं तर फार दुखावणारं आहे.

नवा करारच उघडा ना. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याला लिहिलंय की नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी आणि सारख्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे, म्हणजे त्या काळचं औषधच की. पौलाचा दुसरा सोबती त्रफिम मिलेत शहरात आजारीच मागे राहिला, पौलाने आपल्या शरीरातला काटा (बहुधा एखादं दुखणं) जावा म्हणून ३ वेळा विनवणी केली तरी गेला नाही, आणि त्याच्या सोबतचा लूक तर वैद्य होता. यांचा विश्वास कमी होता का?

यरुशलेमच्या मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी भीक मागणारा तो जन्माचा पांगळा आठवा, येशूचा शिष्य पेत्र याने त्याचा उजवा हात धरून उठवलं आणि लोक धावत आले तेव्हा म्हणाला, आमच्याकडे काय बघताय, हे आमच्या शक्तीने झालेलं नाही. चमत्कार ही येशूकडे बोट दाखवणारी खूण होती, सगळ्यांना गॅरंटी नव्हती. आणि पुढे साधारण ३७० च्या सुमारास बिशप बासिलने आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाजवळ आजाऱ्यांसाठी मोठी जागा उभी केली, तिथे वैद्यही ठेवले होते.