एका तिकिटावरची दोन विमानं आणि दोन तिकिटांवरची दोन विमानं

‘एकाच साइटवर, एकदाच पैसे भरून काढलंय, म्हणजे तिकीट एकच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नीट लिहूनच काढतो. पहिल्यांदा परदेशी निघालेली माणसं व्हिसा, विमा, बॅगेचं वजन यांचा कीस पाडतात आणि हातातलं तिकीट खरंच एक आहे की दोन, नेमकी ही एक गोष्ट बघायची राहून जाते.

कनेक्टिंग फ्लाइट सगळ्यांना ठाऊक आहे. मध्ये उतरायचं, गेट बदलायचं, पुढचं विमान धरायचं. बॅग परस्पर पुढे जाते. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ यांतला फरक तर एका ओळीचा आहे: डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं, फ्लाइट नंबर तोच राहतो. त्यावर लोक तासभर वाद घालतात, पण त्याने कुणाचं फारसं काही अडत नाही.

अडतं ते सेल्फ ट्रान्स्फरमध्ये. स्वस्त दर शोधून देणाऱ्या साइट्स दोन सुटी तिकिटं शेजारी शेजारी ठेवतात, मधल्या थांब्याचे तास लिहितात आणि खाली एकच रक्कम दाखवतात. स्क्रीनवर ते हुबेहूब कनेक्टिंग फ्लाइटसारखं दिसतं. प्रत्यक्षात ते दोन वेगळे करार असतात. पहिल्या कंपनीने तुम्हाला मधल्या विमानतळावर उतरवलं की तिचं काम संपलं. दुसरीला तुम्ही कुठून येताय याच्याशी देणंघेणं नसतं. तुम्ही वेळेत काउंटरवर आला नाहीत, एवढंच ती बघते, आणि तिच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’.

हे ओळखायचं कसं? कंपनीच्या नावावरून नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची विमानं एका तिकिटावर असू शकतात, आणि एकाच कंपनीची दोन विमानं दोन तिकिटांवर. सहा अक्षरी पीएनआरवरही, म्हणजे बुकिंग कोडवरही, डोळे मिटून विसंबू नका, कारण एकाच तिकिटावरच्या दोन कंपन्या आपापला वेगळा कोड देऊ शकतात. बघायचा तो ई-तिकिटाचा नंबर. तो १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. एमिरेट्सचे १७६, लुफ्तान्साचे २२०. जाण्याच्या दोन्ही टप्प्यांपुढे तोच नंबर असेल तर तिकीट एक. चाराहून जास्त टप्पे असले तर लगतचा पुढचा नंबर लागतो, त्याने गोंधळू नका. नंबर वेगळे असतील, किंवा स्वस्त कंपन्यांच्या बाबतीत बरेचदा होतं तसा असा नंबरच नसेल आणि हातात दोन बुकिंग कोड असतील, तर ती दोन तिकिटं आहेत असं धरूनच चाला.

दोन तिकिटांवर मधल्या ठिकाणी काय काय करावं लागतं हे मी एकदा पुरतं अनुभवलंय. हातात अडीच तास होते, कागदावर भरपूर. विमान चाळीस मिनिटं उशिरा टेकलं. मग इमिग्रेशनची रांग. मग बेल्टपाशी उभा राहिलो, तर हँडलला लाल नाडी बांधलेली माझी बॅग जवळजवळ शेवटी आली. ती घेऊन बाहेर, दुसऱ्या टर्मिनलची बस, पुन्हा वर. काउंटर बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. समोरच्या बोर्डावर माझ्या विमानापुढे ‘बोर्डिंग’ झळकत होतं आणि मी बॅगेचं हँडल धरून तिथे उभा. काउंटरवरची बाई सभ्यपणे बोलली, पण तिच्या हातात काही नव्हतं. नवं तिकीट मला काढावं लागलं. पोहोचायच्या गावी हॉस्टेलमध्ये खाट राखून ठेवली होती. मी आलो नाही म्हणून तिचे पैसे गेले, आणि पुढच्या दोन रात्रीही त्यांनी रद्द केल्या.

एकच तिकीट असतं तर तोच चाळीस मिनिटांचा उशीर कंपनीच्या खात्यावर गेला असता: पुढचं विमान त्यांनी द्यायचं. युरोपीय संघात तर २६१/२००४ हा नियम आहे. तिथून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या आणि तिथे येणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या विमानांना तो लागू होतो. अडकून पडलात तर जेवण आणि गरज असेल तर रात्रीची खोली, आणि कंपनीच्या आवाक्याबाहेरचं कारण नसेल तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई. उशीर मोजतात तो शेवटच्या ठिकाणी पोहोचायला झालेला, तीन तास किंवा जास्त. बर्लिनहून कासाब्लांकामार्गे अगादीरला जाणाऱ्या एका प्रवाशाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, एका बुकिंगवरचा प्रवास अखंड धरायचा, मधलं विमान युरोपबाहेर बदललं तरी. ‘एका बुकिंगवरचा’ हे शब्द पुन्हा वाचा. सगळं त्यांवर उभं आहे.

व्हिसाचा धोका याहून मोठा, आणि त्याचा विचार लोक सर्वांत कमी करतात. बॅग उचलायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरायचं. तुमच्या पासपोर्टला तिथला व्हिसा लागत असेल आणि तो नसेल, तर पहिल्या विमानातच चढू देत नाहीत. त्यातून दोन विमानं दोन विमानतळांवरून असली तर बघायलाच नको. टोकियोत नारिता आणि हानेदा, इस्तंबूलमध्ये नवा विमानतळ युरोपच्या बाजूला आणि साबिहा ग्योकचेन आशियाच्या. साइटवर दोन्हीकडे शहराचं नाव तेच दिसतं, म्हणून विमानतळाचा तीन अक्षरी कोड जुळवून बघा. अमेरिकेत मात्र एक तिकीट असलं तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करावंच लागतं, नुसतं पुढे जायचं असलं तरी. तेव्हा ‘मध्ये बाहेर पडावं लागतं म्हणजे दोन तिकिटं’ हा उलटा निष्कर्षही काढू नका.

आणखी एक फटका लोकांना परतताना कळतो. दुसरं तिकीट जाण्यायेण्याचं असेल आणि त्याचं जाण्याचं विमान चुकलं, तर बहुतेक कंपन्या येण्याचंही रद्द करतात. नवं तिकीट काढून कसेबसे पोहोचता आणि परतीच्या दिवशी समजतं की सीटच नाही. विमान चुकलं तर त्याच क्षणी कंपनीशी बोलून परतीचं काय ते विचारून घ्या.

काही साइट्स ‘कनेक्शन गॅरंटी’ विकतात, म्हणजे पुढचं विमान चुकलं तर मदत करण्याचं आश्वासन. ते आश्वासन साइटचं असतं, विमान कंपनीचं नव्हे. काउंटरवर ते दाखवून उपयोग नाही, आणि मला ते ‘गॅरंटी’ या शब्दाखाली विकलेलं मुळीच पटत नाही.

म्हणून दोन तिकिटं कधीच काढू नयेत का? मी काढतो, पण मध्ये अख्खी रात्र ठेवून. पहिलं विमान दुपारी, दुसरं दुसऱ्या दिवशी दुपारी, व्हिसाची खात्री करून, आणि मधे एक स्वस्त मुक्काम. चार तासांच्या फटीत जीव टांगणीला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि वाचलेले पैसे बरेचदा खाटेच्या भाड्याहून जास्त असतात. हॉस्टेलचा डॉर्म की गेस्टहाउस, यावर फार डोकं खाऊ नका. डॉर्मचा दर दर खाटेचा, गेस्टहाउसचा खोलीचा. दोघं असाल तर बेरीज करून बघा, बरेचदा खोलीच स्वस्त पडते. लॉकरला कुलूप स्वतःचं न्या.

तारीख मात्र दोनदा तपासा. विमान १५ तारखेला रात्री १२:४० ला उतरत असेल तर खाट १४ च्या रात्रीची घ्यायची, कारण १५ चं चेक-इन दुपारी सुरू होतं. आणि १४ ची घेतलीत तर ‘मध्यरात्रीनंतर पोहोचतोय’ असं हॉस्टेलला आधीच कळवा, दार कोण उघडणार ते विचारा, उत्तर लेखी घ्या. सगळ्याच ठिकाणी रात्रभर रिसेप्शनला माणूस नसतो.