उत्खननाचा खाडा: एला खोऱ्यातून लाखीशकडे

इस्राएलमध्ये उन्हाळी उत्खननाचं काम पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतं आणि दुपारी एकच्या आत आटोपतं. पाच बाय पाच मीटरच्या खड्ड्यात त्यानंतर उभं राहवत नाही. सुट्टी बहुधा शनिवारची, पण शब्बाथमुळे (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) शुक्रवार दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत बहुतेक बस बंद असतात. त्यामुळे सुट्टीतल्या या सहलीसाठी गाडीची सोय आदल्या दिवशीच करावी. माणशी तीन लिटर पाणी सोबत हवंच.

यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, बायबलमधल्या दावीद राजा आणि गल्याथ यांच्या झुंजीच्या कथेतल्या एला खोऱ्यावर खिर्बत केयाफा या तटबंदीच्या प्राचीन गावाचे अवशेष आहेत. ऊन चढायच्या आत इथे पोहोचावं. इथली लोहयुगातली वस्ती थोडाच काळ टिकली, म्हणून तिचे थर एकमेकांत फारसे मिसळलेले नाहीत. कार्बन-१४ वरून वय काढण्यासाठी इथल्या जळक्या ऑलिव्हच्या बिया घेतल्या. तुळईचा कोळसा घेतला तर झाड तोडण्याआधीची शे-दोनशे वर्षंही मोजणीत शिरतात. बी मात्र एकाच हंगामाची. तारीख आली इसवी सनपूर्व १००० च्या आसपास. पण ही पद्धत काही दशकांची चूक ठेवतेच. गाव दावीदाच्या राज्यातलं होतं की नाही, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही.

अजेका हे आणखी एक प्राचीन गाव जवळच आहे. टेकाडावरून सारं खोरं दिसतं. त्याला अर्धा तास पुरे.

उरलेला दिवस लाखीश या यहूदा राज्यातल्या प्राचीन तटबंदीच्या शहराला द्यावा. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या थरांवर थर साचून बनलेल्या) या टेकाडाला बहुतेक बाजूंनी तीव्र उतार आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यात मात्र ते शेजारच्या टेकडीला जोडलेलं आहे. अश्शूरचा (अ‍ॅसिरियाचा) राजा सन्हेरीब याच्या सैन्याने इ.स.पू. ७०१ मध्ये नेमकं तिथेच दगडांचं उतरण रचून भिंतफोडी यंत्रं वर चढवली. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार त्यात सुमारे साडेसहा किलोचे तीसेक लाख दगड असावेत, म्हणजे १९,५०० टन! आतल्या लोकांनीही भिंतीमागे मातीचा भराव घालून प्रतिकार केला. तिथे सापडलेल्या कित्येक बाणाग्रांची टोकं वाकलेली आहेत. उतरणावर दुपारनंतरचं ऊन पडतं, तेव्हा दगडांची रचना नीट दिसते.

अभ्यासकांना याहून मोलाचा वाटतो तो याच स्वारीत जळालेला वस्तीचा तिसरा थर. पडक्या कच्च्या विटांखाली दबलेल्या भांड्यांना नेमकं वर्ष मिळालं, आणि यहूदातल्या इतर गावांची खापरं त्यांच्याशी ताडून पाहता येऊ लागली. १९३० च्या दशकातल्या पहिल्या उत्खननात हाच थर इ.स.पू. ५९७ चा मानला गेला होता. शंभर वर्षांची ही चूक तशीच राहिली असती, तर बाकीची गावंही तेवढीच पुढे सरकली असती. १९७० च्या दशकातल्या उत्खननानंतर ७०१ हेच वर्ष पक्कं धरलं जाऊ लागलं. अर्थात युद्ध संपलं म्हणून कुंभार दुसऱ्या दिवशी घाट बदलत नाही. एकट्यादुकट्या खापरावरून ७०१ म्हणणं घाईचंच. पृष्ठभागावर पडलेलं खापर उचलू मात्र नये: १९७८ च्या कायद्याने प्राचीन वस्तू सरकारी मालकीच्या आहेत.

वेशीच्या खोलीत १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरं मिळाली, बाबिलोनी स्वारीच्या काळातली. त्यातल्या चौथ्या पत्रात लिहिणारा म्हणतो, आम्ही लाखीशच्या आगीच्या खुणांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. अजेका शत्रूच्या हाती पडलं होतं, की लिहिणाऱ्याच्या चौकीवरून ते मुळात दिसतच नव्हतं, यावर अभ्यासक अजून भांडतात.