खाज केव्हा सुटते? ॲलर्जीच्या डोळ्यांसाठी कडक लेन्सची निगा

ॲलर्जीचा त्रास असलेल्या डोळ्यांना कडक कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नाही, असं अनेकांना वाटतं. खरं तर मऊ लेन्सपेक्षा कडक, म्हणजे आरजीपी (रिजिड गॅस पर्मिएबल) लेन्स अशा डोळ्यांना पुष्कळदा जास्त मानवते. मऊ लेन्स पाणी धरून ठेवते. त्या पाण्याबरोबर द्रावणातली रसायनं आणि थेंबांतली औषधं तिच्यात मुरतात आणि नंतर तासन्‌तास डोळ्यात उतरत राहतात. आरजीपी लेन्समधून प्राणवायू आरपार जातो, पण पाणी ती जवळजवळ घेतच नाही. म्हणून तिचा त्रास होतो तो बहुतेक वेळा पृष्ठभागावर बसलेल्या थरामुळे किंवा बाटलीतल्या द्रावणामुळे. दोन्हींवर इलाज करता येतो, मात्र त्रास नेमका कशाचा हे आधी ओळखायला हवं.

त्यासाठी वेळ पाहावी. लेन्स घालताच डोळा चुरचुरला आणि थोड्याच वेळात लाल झाला, तर पहिला संशय द्रावणातल्या प्रिझर्व्हेटिव्हवर, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या रसायनावर घ्यावा. बेंझाल्कोनियम क्लोराइड, क्लोरहेक्सिडिन आणि पॉलिहेक्झानाइड ही त्यातली नेहमीची नावं. बाटलीच्या लेबलवर ती वाचायला मिळतात. सुरुवातीचे तास बरे गेले, मग लेन्स जाणवू लागली आणि काढल्यावर खाज उलट वाढली, तर वरच्या पापणीची आतली बाजू तपासून घ्यायला हवी. कोपऱ्यात चिकट, तार सुटणारा स्राव येणं किंवा पापणीबरोबर लेन्स वर ओढली जाणं ही त्याच दुखण्याची लक्षणं. लेन्स घातलेली नसतानाही दोन्ही डोळे खाजतात आणि सोबत शिंका येतात, तेव्हा दोष परागकणांचा किंवा धुळीचा असतो.

पापणीच्या त्या दुखण्याचं मूळ लेन्सवरच्या थरात असतं. अश्रूंमध्ये लायसोझाइमसारखी प्रथिनं असतात. ती लेन्सला चिकटतात, वाळतात आणि त्यांची मूळ घडी मोडते. मग स्वतःचंच प्रथिन शरीराला परकं वाटू लागतं. उघडझाप होताना पापणी दिवसभर त्या थरावर आणि लेन्सच्या कडेवर घासत राहते. हळूहळू तिच्या आतल्या बाजूला उंचवटे येतात, ते सुजतात आणि जास्त स्राव सोडतात. तो स्राव पुन्हा लेन्सवरच बसतो. म्हणून ॲलर्जीच्या डोळ्यांसाठी लेन्स चोळून धुणं हेच निगेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. नुसतं भिजत घातल्याने हा थर निघत नाही.

हात बिनवासाच्या साबणाने धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण कोरडे करावेत. क्रीम असलेला साबण टाळावा, त्याचा तेलकटपणा थेट लेन्सवर जातो. काढलेली लेन्स लगेच स्वच्छ करावी. थर वाळला की जास्त घट्ट बसतो. ती तळहातावर वाटीसारखी, पोकळ बाजू वर करून ठेवावी, क्लीनरचे दोन-तीन थेंब घालावेत आणि करंगळीच्या किंवा अनामिकेच्या मऊ भागाने सुमारे २० सेकंद हलकेच मागे-पुढे चोळावं. मग उलटून दुसरी बाजू. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळल्यास लेन्स वाकते, कधी तडकते. कणीदार क्लीनर जोर लावून वापरत राहिल्यास लेन्सचा मधला भाग झिजून तिचा नंबरही बदलू शकतो. लेन्सवर प्लाझ्मा प्रक्रिया किंवा ओलावा धरणारा लेप असेल तर कणीदार क्लीनर मुळीच नको. आपल्या लेन्सवर असं काही आहे का, हे लेन्स देणाऱ्याला विचारून लिहून ठेवावं.

खळबळून घ्यायला सलाइन किंवा द्रावणच वापरावं, नळाचं पाणी नाही. कडक लेन्स पाण्याने धुवायची पद्धत पूर्वी सर्रास होती, म्हणून हे ठासून सांगायला हवं. पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याने बुबुळाला होणारा संसर्ग विरळा असला तरी अतिशय वेदनादायक आणि बरा व्हायला चिवट असतो. डबीलाही पाणी लावू नये. रोज जुनं द्रावण ओतून द्यावं, त्यात नव्याची भर घालू नये. डबी ताज्या द्रावणाने खळबळून, पुसून, उपडी वाळवावी.

प्रिझर्व्हेटिव्ह सोसत नसतील तर ३% हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत उत्तम, पण तिचे नियम कडक आहेत. चोळून खळबळलेल्या लेन्स त्या बाटलीसोबत आलेल्या उभ्या डबीतच ठेवाव्यात, रेषेपर्यंत द्रावण भरावं आणि लगेच बुडबुडे येतात का ते पाहावं. तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. ती पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायूत विघटन करते. बुडबुडे त्या प्राणवायूचे. याला किमान ६ तास लागतात. त्याआधी लेन्स घातली, किंवा साध्या चपट्या डबीत पेरॉक्साइड भरलं, तर बुबुळ रसायनाने भाजतं आणि डोळा उघडवत नाही. चकतीचा गुण कालांतराने कमी होतो, म्हणून नवी बाटली उघडली की सोबतची नवी डबीच घ्यावी. सहा तासांनंतर डबीत जंतू मारणारं काही उरलेलं नसतं. लेन्स बरेच दिवस तशाच पडून राहिल्या तर घालण्याआधी पुन्हा निर्जंतुक कराव्यात.

पेरॉक्साइडमधून काढलेली कडक लेन्स सकाळी थोडी रुक्ष लागते. तिच्यावर एकदाच वापरायच्या कुपीतलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन घालून मग डोळ्यात ठेवावी. कुपीत उरलेलं सलाइन टाकून द्यावं. त्यात जंतूंना रोखणारं काहीच नसतं.

रोज चोळूनही चिकटून राहणाऱ्या प्रथिनांसाठी सोडियम हायपोक्लोराइट आणि पोटॅशियम ब्रोमाइडची दोन कुप्यांची जोडी मिळते. दोन्ही एकत्र करून लेन्स जास्तीत जास्त ३० मिनिटं बुडवायची, नंतर भरपूर खळबळून नेहमीच्या द्रावणाने पुन्हा साफ करायची. हे मिश्रण डोळ्यात जाता कामा नये. किती दिवसांनी वापरायचं ते थर किती लवकर बसतो यावर ठरतं. ते समजायला एक सोपी चाचणी आहे: ओली लेन्स कडेने धरून दिव्यासमोर पाहावी. स्वच्छ पृष्ठभागावर पाण्याचा सलग पडदा राहतो. थर असेल तिथे पाणी लगेच फाटून थेंब थेंब होतं.

ॲलर्जीवरचे थेंब, उदाहरणार्थ केटोटिफेन किंवा ओलोपॅटाडिन, लेन्स घालण्याआधी किमान १० मिनिटं टाकावेत, किंवा रात्री ती काढल्यावर. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, ते लेन्सवरून डोळ्यात जायला नको. स्टिरॉइडचे थेंब मनाने कधीच सुरू करू नयेत. त्यांनी खाज पटकन थांबते, पण डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि संसर्ग झाकला जातो. खाज अनावर झाली तर लेन्स काढून बंद पापण्यांवर थंड पट्टी ठेवावी. डोळे चोळणं फार घातक आहे, विशेषतः केराटोकोनससाठी, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याच्या विकारासाठी कडक लेन्स वापरणाऱ्यांना. चोळण्याने बुबुळाचा आकार आणखी बिघडण्याचा धोका असतो.

खाज हे ॲलर्जीचं लक्षण, दुखणं हे नव्हे. डोळा ठणकू लागला, उजेड सहन होईना, किंवा लेन्स काढूनही धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं आणि जाताना लेन्स व डबी सोबत न्यावी. पापणीवर उंचवटे आढळले तर डॉक्टर सहसा काही आठवडे लेन्स बंद ठेवायला सांगतात. पुन्हा सुरू करताना जुनीच लेन्स चढवू नये. तिच्यावर ओरखडे असतील तर थर पुन्हा तिथेच धरतो. नवी लेन्स करून घ्यावी आणि तिची कड पापणीला टोचत नाही ना, हेही त्याच वेळी तपासून घ्यावं.