सह्याद्रीतील उभयचरांच्या नव्या जाती : वर्णन व वर्गीकरण

बेडूक, भेक (खरखरीत कातडीचा 'टोड') किंवा देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) यांची एखादी जाती विज्ञानाला अपरिचित आहे हे पुराव्यानिशी दाखवून तिला नियमानुसार नाव देणे व वर्गीकरणात तिची जागा ठरवणे, ही प्रक्रिया. 'नवी' हे विशेषण कागदावरचेच. पावसाळ्यात तो प्राणी दिसतो हे गावाला बहुधा आधीपासून ठाऊक असते.

काम रात्री, ओढ्याकाठी विजेरी घेऊन सुरू होते. नराची साद ध्वनिमुद्रित करताना हवेचे तापमानही टिपावे लागते, कारण गारव्यात बेडूक सावकाश ओरडतो. नमुना टिकवणाऱ्या द्रवात (परिरक्षकात) रंग उडतात, म्हणून जिवंतपणीच छायाचित्रे घेतात. फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. त्यामुळे यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. मग तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, कर्णपटलाचा व्यास, बोटांमधील पडदा अशी मापे कॅलिपरने घेतली जातात. जनुकांपैकी 'सोळा एस' (16S) नावाचे जनुक सर्रास तपासले जाते. त्यात ३ टक्क्यांच्या आसपास फरक आढळला की संशोधक सावध होतो, पण केवळ तेवढ्या आकड्यावर जाती जाहीर करणे घाईचेच.

वर्णन प्रसिद्ध करताना एक नमुना 'होलोटाइप' म्हणून संग्रहालयात जमा करतात. जातीचे नाव कायमचे त्या नमुन्याशी बांधलेले असते. एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर सामान्यतः आधीचे टिकते. म्हणून खरी मेहनत जुन्या वर्णनांशी ताडून पाहण्यात जाते. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेल्या बेडकांचे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील मूळ नमुने हरवले. त्यामुळे त्यांतील काही नावे नेमकी कोणत्या बेडकाची, हा गुंता पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आला. पुढे २०१० मध्ये झुडपी बेडकांच्या 'राओर्चेस्टेस' या प्रजातीला (जवळच्या जातींच्या गटाला, म्हणजे 'जीनस'ला) राव यांचेच नाव मिळाले.

नव्या जातीमुळे जुन्या जातीची जागाही बदलू शकते. कोयनेचा भेक १९६३ मध्ये 'बुफो' या भल्यामोठ्या प्रजातीत नोंदला गेला होता. सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीच्या भेकाचे वर्णन २००९ मध्ये झाले. जांभ्या खडकावरील उथळ डबक्यांत त्याची वीण होते. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याला 'टायगेरिना', म्हणजे वाघासारखा, हे नाव पडले. शरीररचना आणि डीएनए पाहता हे दोघे एकमेकांचे जवळचे नातलग आणि इतर भेकांपासून वेगळे ठरले. म्हणून दोघांसाठी 'झँथोफ्राइन' ही स्वतंत्र प्रजाती स्थापन झाली. देवगांडुळांचीही आंबोलीतून भर पडली : २००३ मधील 'गेगेनिओफिस डॅनिएली'.

कधी थेट नवे कुलच (प्रजातीहून वरचा गट) हाती लागते. केरळातील जांभळा बेडूक (नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस) २००३ मध्ये नोंदला गेला. त्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत, आणि भारत व सेशेल्स पूर्वी एकाच भूखंडाचे भाग होते.

अलीकडे भर पडते ती मुख्यतः दिसायला सारख्या, पण सादेने व डीएनएने निराळ्या निघणाऱ्या जातींची. नाचऱ्या बेडकांच्या १४ जाती २०१४ मध्ये एकाच शोधनिबंधात आल्या. २०१७ मध्ये केरळ व तमिळनाडूतून सात रात्रबेडूक नोंदले गेले. त्यांतील चार अंगठ्याच्या नखावर मावतील एवढेच आहेत. इतके लहान बेडूक पिल्ले समजून सहज दुर्लक्षिले जातात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत मूल्यमापन होते ते नाव असलेल्या जातीचे. आंबोलीचा भेक तिथे 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे.