अम्हारिकची बाराखडी आणि तिचे पहिले विद्यार्थी

इथिओपियाची अम्हारिक भाषा शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी समोर फिदेलचा, म्हणजे तिच्या लिपीचा, तक्ता येतो. ३३ मुळाक्षरं, प्रत्येकाची ७ रूपं, म्हणजे २३१ चौकटी. युरोपातला विद्यार्थी इथेच हबकतो. मराठी माणसाने हबकायचं कारण नाही. इथिओपियात चर्चच्या शाळेत मुलं 'लॅ, लु, ली, ला, ले, ल्, लो' असं तालावर घोकत आली आहेत, आणि आपली बाराखडी याहून फार वेगळी नाही. अक्षराच्या पोटात स्वर असतो. स्वर बदलला की कुठे पाय लांब होतो, कुठे बाजूला फाटा फुटतो. अशा लिप्यांना भाषाशास्त्रात 'अबुगिदा' म्हणतात. पीटर डॅनियल्स यांनी १९९० मध्ये हे नाव सुचवलं, तेच मुळी इथिओपियातल्या अ-बु-गि-द या अक्षरक्रमावरून. देवनागरी ज्या गटात मोडते, त्या गटाचं नाव तिकडून आलेलं आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

ही लिपी मूळची गीझ या जुन्या भाषेची. आधी नुसती व्यंजनं लिहीत; इथिओपियातल्या अक्सुम या प्राचीन राज्याच्या एझाना राजाच्या काळात, चौथ्या शतकात, स्वरांच्या खुणा जोडल्या गेल्या. पुढे गीझ बोलण्यातून गेली आणि प्रार्थनेत व पोथ्यांत उरली. १२७० मध्ये येकुनो अम्लाक गादीवर आला आणि त्याच्या घराण्याच्या दरबारात अम्हारिक बोलली जाऊ लागली. तिला 'लिसाने निगूस', म्हणजे राजाची भाषा, म्हणत. लिहायची वेळ आली की मात्र गीझच. अम्हारिकमधलं सर्वांत जुनं लेखन म्हणजे राजांच्या स्तुतीची गाणी, चौदाव्या शतकापासूनची.

गीझचा हा वारसा नवशिक्याला रोज भेटतो. गीझमधले वेगवेगळे उच्चार अम्हारिकमध्ये एकच झाले, अक्षरं मात्र सगळी राहिली. 'ह'ची तीन, 'स'ची दोन. बोलताना आपला 'श' आणि 'ष' एक होतो, पण लिहिताना चुकून चालत नाही, तसंच.

परक्याने ही भाषा शिकायची सुरुवात कशी झाली, तो भाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. १६४९ मध्ये हिओब लुडॉल्फ नावाचा जर्मन तरुण रोमला गेला. तिथे इथिओपियन यात्रेकरूंच्या मठात त्याला अब्बा गोर्गोर्योस हे धर्मगुरू भेटले. लुडॉल्फने गीझ पुस्तकांतून शिकलेली होती, तोंडाने कधी बोललेला नव्हता. तरी दोघं त्याच पोथीच्या भाषेत अडखळत बोलू लागले. १६५२ मध्ये गोर्गोर्योस जर्मनीत गोथाच्या दरबारी आले. लुडॉल्फने विचारायचं, त्यांनी सांगायचं, असं काम चाललं. १६५८ मध्ये परतीच्या वाटेवर जहाज बुडालं आणि त्यात गोर्गोर्योस गेले. लुडॉल्फचं अम्हारिक व्याकरण आणि कोश १६९८ मध्ये छापून आले, गुरू जाऊन ४० वर्षं झाल्यावर. लुडॉल्फने इथिओपिया कधीच पाहिला नाही. त्या पुस्तकांतलं अम्हारिक गोर्गोर्योस यांच्या तोंडचं आहे, आणि त्यांचं नाव लुडॉल्फच्या बरोबरीने घेतलं पाहिजे.

नंतरचा मोठा टप्पा कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग या मिशनऱ्याचा. त्याचा अम्हारिक कोश १८४१ चा, व्याकरण १८४२ चं. मिशनऱ्यांना इथिओपियाचं दार बंद झाल्यावर तो आपल्याकडे, मुंबईला आला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूरला जो आश्रम होता, त्याच्या कामातही तो होता. आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला पोहोचलेला जेकब वेनराइट याच नाशिकच्या शाळेत शिकलेला.

विसाव्या शतकात १९५५ च्या राज्यघटनेने अम्हारिकला अधिकृत भाषा केलं. आजची अभ्यासपुस्तकं त्यानंतरची: १९६४ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याचा पायाभूत अभ्यासक्रम आला, १९६७ मध्ये वुल्फ लेस्लाऊ यांचं पाठ्यपुस्तक.

दोन्ही इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली, म्हणून क्रियापद शेवटी येतं हे समजवायला त्यांना बरीच पानं लागतात. अम्हारिक ही अरबी-हिब्रूच्या कुळातली, पण कुशी भाषांच्या (ओरोमो, सोमाली वगैरेंच्या) शेजारात राहून तिची वाक्यरचना बदलली. 'इने इंजेरा बेलाहू': मी इंजेरा (तिथली आंबवलेली भाकरी) खाल्ला. शब्दाला शब्द लावत जा, क्रम हलवावा लागत नाही. खुशाली विचारतानाही पुरुषाला 'इंदेत नेह', बाईला 'इंदेत नेश' आणि मोठ्यांना 'इंदेत नोत'. कसा आहेस, कशी आहेस, कसे आहात!

आपल्यालाही जड जातं ते लिपीत न दिसणारं द्वित्त, म्हणजे व्यंजनाचा दुहेरी उच्चार. 'अले' म्हणजे 'म्हणाला' आणि 'अल्ले' म्हणजे 'आहे'. दोन्ही लिहायचे अगदी सारखे. 'जरा थांब' मधला 'ज' आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला 'ज' आपण कागदावर वेगळा दाखवत नाही, तसाच हा प्रकार. 'आहे'सारखा क्षणोक्षणी लागणारा शब्द डोळ्यांनी शिकताच येत नाही. लुडॉल्फला ते सांगायला गोर्गोर्योस समोर बसलेले होते. शेजारी कोणी इथिओपियन नसेल, तर १९६४ च्या अभ्यासक्रमाच्या ध्वनिफिती आता इंटरनेटवर फुकट मिळतात. तक्ता पाठ होण्याची वाट न पाहता त्या पहिल्याच आठवड्यात लावाव्यात.