हिरड्यांतून येणारं रक्त आणि बाकीचं शरीर

ब्रश करताना थुंकीत रक्ताची रेघ दिसली की बहुतेक जण त्या जागी ब्रश फिरवायचंच टाळतात. करायला हवं नेमकं उलटं. ते रक्त सहसा ब्रश लागल्यामुळे आलेलं नसतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो आणि त्यामुळे हिरडी सुजून नाजूक झालेली असते. थर तसाच राहिला तर सूज वाढते आणि रक्तही वाढतं.

हे कारण-परिणामाचं नातं डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने पक्कं झालं. हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावरचा हिरड्यांचा आजार असा पूर्ण बरा होणारा असतो.

पुढचा टप्पा मात्र तसा नाही. साचलेला प्लाक लाळेतल्या खनिजांमुळे काही दिवसांतच कडक होऊ लागतो आणि त्याचं कीटण बनतं, ते ब्रशने निघत नाही. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून या खिशाची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली ठीक. ४ च्या पुढे शंका घ्यायची आणि ६ च्या पुढे घरच्या स्वच्छतेने काही साधत नाही. खिशाच्या तळाशी दाताला धरून ठेवणारं हाड झिजत असतं आणि झिजलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. हे सगळं दुखल्याशिवाय होतं, हीच मोठी अडचण. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर रक्तही कमी येतं, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरड्या वरून बऱ्या दिसतात आणि दात हलायला लागल्यावरच कळतं.

अशा सगळ्या खिशांचं आतलं अस्तर एकत्र मोजलं तर साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. एवढी जखम हातावर वर्षभर उघडी असती तर कुणी गप्प बसलं नसतं. इथून दोन गोष्टी शरीरात जातात. पहिली म्हणजे जिवाणू: चावताना, घासताना ते थोड्या प्रमाणात रक्तात शिरतात आणि निरोगी माणसात काही मिनिटांत नष्टही होतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे दाह निर्माण करणारी रसायनं. ती सतत रक्तात उतरत राहतात आणि यकृताकडून सीआरपीसारखी, शरीरात दाह असल्याची खूण मानली जाणारी प्रथिनं जास्त तयार होऊ लागतात.

‘तोंड बिघडलं की सगळं बिघडतं’ असं सरसकट म्हणणं सोपं आहे, पण पुरावा सगळीकडे सारखा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच समजुतीपायी संधिवातापासून मानसिक आजारांपर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात उपटले जात. तेव्हा नीट वेगळं करून पाहिलेलं बरं.

सर्वांत भक्कम पुरावा मधुमेहाचा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा गंभीर आजार होण्याची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. उलट, हिरड्यांचा दाह इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. मधुमेहींच्या हिरड्यांवर उपचार केले, म्हणजे खिशांतलं कीटण काढून मुळं साफ केली, की तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतं. आकडा लहान वाटेल, पण तो मिळतो कुठलीही गोळी न वाढवता.

हृदयविकाराचं चित्र अधुरं आहे. हिरड्यांचा आजार असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो हे खरं. पण धूम्रपान, वय आणि मधुमेह ही दोन्हींची सामाईक कारणं आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये पुरावे तपासून सांगितलं की संबंध आहे, पण हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेलं नाही. हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग ही मात्र वेगळी गोष्ट. तोंडातले स्ट्रेप्टोकोकाय जिवाणू तिथे जाऊन बसू शकतात. म्हणून कृत्रिम झडप असलेल्यांना, हा संसर्ग पूर्वी होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना दात काढण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटं आधी प्रतिजैविकाचा एक डोस देतात. बाकीच्यांना त्याची गरज नसते.

फुप्फुसांचा धागा सरळ आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा नीट गिळता न येणाऱ्या वृद्धांच्या श्वासनलिकेत लाळ जाते आणि तिच्याबरोबर तोंडातले जिवाणूही. जपानमधल्या शुश्रूषागृहांमधल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडाची खास काळजी न घेतलेल्या गटात दोन वर्षांत न्यूमोनिया झालेल्यांचं प्रमाण १९ टक्के होतं. काळजीवाहकांनी रोज प्रत्येक जेवणानंतर तोंड साफ केलेल्या गटात ते ११ टक्के होतं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची ती याचसाठीही.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. तेव्हा उपचार सुरक्षित आहेत, पण त्यांनी अकाली प्रसूती टळते असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. अल्झायमरबद्दल बातम्या बऱ्याच येतात. हिरड्यांतल्या एका जिवाणूला लक्ष्य करणारं औषध २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. तूर्तास या कारणाने घाबरू नये.

आता घासण्याबद्दल. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला ४५ अंशात टेकवायचे, म्हणजे टोकं कडेखाली जरा शिरतात. एका जागी छोटी थरथर द्यायची आणि पुढे सरकायचं. जोरात आडवं घासलं की हिरडी मागे सरते आणि मूळ उघडं पडतं. पेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड हवं. रात्री फेस थुंकून टाकायचा, चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचतच नाही आणि आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. फट मोठी असेल तर फटीत जाणारा बारीक ब्रश, अरुंद असेल तर फ्लॉस: साधारण ४५ सेंटिमीटर दोरा, दाताला इंग्रजी सी सारखा वळसा घालून वर-खाली. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल. दोन आठवड्यांनीही येत राहिलं तर दाखवून घ्यावं.

कीटण काढल्याने दात हलतात हा समज मात्र टिकून आहे. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाने दात नुसते जखडलेले असतात. ते निघालं, सूज उतरली, की फटी आणि सैलपणा जाणवतो.

औषधांचाही तोंडाशी संबंध येतो. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिन आणि अपस्मारावरच्या फेनिटॉइन या औषधांमुळे काहींच्या हिरड्या फुगतात. अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते, मग कीड वेगाने वाढते. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात त्या बिस्फॉस्फोनेट औषधांवर असताना दात काढल्यास जबड्याच्या हाडाची जखम क्वचित भरून येत नाही, म्हणून खराब दातांचा निकाल ती सुरू करण्याआधी लावतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र दात काढायचा म्हणून मनाने बंद करू नये. दंतवैद्याला गोळीचं नाव सांगावं आणि ज्यांनी ती लिहून दिली त्यांना विचारावं.